निखाऱ्यावरचा काचकडा

१९४० सालच्या माघातला मंगळवार. जळगावच्या आमच्या घराच्या ओट्यावर मी लाख निवडत बसले होते. झाडावरून खरवडलेल्या लाखेत काड्या असतात, साली असतात, मेलेले किडे असतात. ते नीट वेचले नाहीत तर बांगडीच्या अंगावर फोड येतात. काम कंटाळवाणं, पण आमच्या घरात बायकांकडे तेच होतं. लाख निवडायची, आणि तयार बांगड्या बाजारात नेऊन गिऱ्हाइकांच्या हातांत भरायच्या. मधलं काम, म्हणजे शेगडीपाशी बसून तापलेली लाख वळणं, हे पुरुषांचं. ते माझे सासरे करत. त्यांना सगळे आबा म्हणत.

आबा निखाऱ्यावर लाख धरत. ती मऊ झाली की उघड्या बोटांनी ओढून तिची वात करत आणि निमुळत्या लाकडी खुंटावर चढवून गोल बसवत. जरा वाकडी निघाली की पुन्हा वितळवायला टाकत. मी एकदा म्हटलं, "आबा, एवढासा बाक. कोण बघतंय?"

"मी देखस ना," ते म्हणाले.

माझ्या यजमानांना लाखेत राम वाटत नव्हता. ते मुंबईला गेले आणि काचकड्याचे, म्हणजे सेल्युलॉइडचे, पत्रे घेऊन आले. हिरवे, लाल, उजेडाकडे धरले तर आरपार दिसणारे. "आबा, हा माल आजवर तयार होऊन बाहेरून यायचा. आता मुंबईत आपलीच माणसं याचे कंगवे, बटणं, बांगड्या करायला लागली आहेत. उद्या देशभर हेच चालणार." कृती त्यांनी शिकून घेतली होती. पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या, उकळत्या पाण्यात बुडवायच्या, मऊ झाल्या की लाकडावर वळवायच्या.

आबांनी एक पट्टी उचलून नाकाशी नेली. "हाई काय शे? कापूर शे का?"

"कापूर घालूनच करतात. म्हणून विस्तवाजवळ न्यायचा नाही. फक्त गरम पाणी."

आबा पातेल्यात डोकावले. "बांगडी करी ऱ्हायना का वांगानी भाजी?"

मला हसू आलं. ह्यांना आलं नाही. "आबा, तुम्ही आता निवांत बसा," हे म्हणाले. मायेनंच म्हणाले, पण आबांचा चेहरा उतरला. बाजारात लाखेच्या बांगड्या मागणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या, हे त्यांनाही दिसत होतं. लाख गेली तर घरात आपलं काम काय, ही धास्ती त्यांना होती. ते बोलून दाखवत नसत. हे कामाला बसले की मात्र आबा दारात उभं राहून पातेल्याकडे बघत राहत.

त्या मंगळवारी माझे यजमान कंगवे आणि बांगड्या घेऊन भुसावळला, रेल्वेच्या वस्तीत गेले होते. जवळच्या असोदा गावातल्या एका घरचा लग्नाचा चुडा करायचा होता. लाखेचाच हवा, असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून शेगडी पेटलेली होती. आबा आत, मी ओट्यावर.

आतून हाक आली, "सूनबाई, इकडे ये, देख!"

आवाजात हौस होती. मी परात ठेवून उठले. दारातून दिसलं की आबांनी काचकड्याची हिरवी पट्टी दोन्ही हातांत धरून निखाऱ्यावर नेली आहे, लाख धरतात अगदी तशी. लाख आधी घाम सोडते, वास सोडते, हात मागे घ्यायला वेळ देते. काचकड्यानं तसलं काही केलं नाही. भप्पकन पेटला. पट्टी बोटांना चिकटली आणि जाळही तिथेच राहिला. मी माठ उचलून तसाच त्यांच्या हातांवर ओतला.

टांग्यातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर परगावचे होते, चांगले होते. जखमा भरतील म्हणाले, बोटं पहिल्यासारखी मिटणार नाहीत.

"बोटंस्ले ताव समजी का?" आबांनी विचारलं.

डॉक्टरांना कळलं नाही. बोटांना उष्णता समजेल का, असं ते विचारतात, हे मी सांगितलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आबांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

मलमपट्टी करून आबांना घरी आणलं. संध्याकाळी हे आले. खाटेजवळ बसले. आबाच म्हणाले, "तू सांगेल व्हतं." हे उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पुढे महायुद्ध संपता संपता मुंबईत साच्यांची यंत्रं आली. त्यांतून बांगड्या पिकल्या फळांसारख्या पटापट पडू लागल्या, आणि ह्यांचं पातेलंही थंडावलं. पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुडा तसाच राहिलेला होता. लग्न काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं. मी केर काढला, शेगडी पेटवली आणि आबांच्या जागेवर बसले. सासूबाई असत्या तर उठवलं असतं; त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबा भिंतीला टेकून बसले होते, पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून. मी लाख निखाऱ्यावर धरली. ओढताना बोटं पोळली, पण ओढली. खुंटावर चढवली, काढली. दारातल्या माणसालाही दिसेल एवढा बाक तिला आला होता. मी ती आबांच्या समोर धरली.

त्यांनी बघितली.

"ऱ्हाऊ दे. चाली जाई," ते म्हणाले. आबांच्या तोंडी 'चालून जाईल' मी पहिल्यांदाच ऐकलं.

अजून काही बोलतील म्हणून मी थांबले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी बांगडी पुन्हा निखाऱ्यावर धरली. मऊ झाल्यावर परत ओढायला घेतली.