शैलाताईच्या वीतभर गाड्या

शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी नौपाड्याच्या घरी कणीक मळत होते. "अगं, शैला सकाळपासून दार उघडत नाहीये..." पुढचं ऐकायच्या आधीच मला कळलं, ताई गेली.

ताई माझी थोरली बहीण. डोंबिवलीत दोन खोल्यांत राहायची. भाऊजींना मोटारींच्या किटांचा नाद होता. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून वीतभर गाडी करायची. त्याही बड्या गाड्या नाहीत. बीटल, मायनर, साध्या माणसाला परवडायच्या तसल्या. दुकानांत वर्षानुवर्षं पडून पिवळी पडलेली खोकी ते हुडकून आणत. ऐंशीच्या सुमारास शीळफाट्याला त्यांच्या गाडीवर ट्रक आदळला. भाऊजी जागीच गेले, शेजारी बसलेली ताई वाचली.

त्यानंतर ती मोटारीत बसेना. रस्त्यात हॉर्न वाजला तरी माझा दंड गच्च धरायची. किटं मात्र जमवत राहिली, जोडत राहिली. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "एवढ्याशा गाडीला नाही गं भीत मी. ही माझ्या हातात असते."

आई नव्हती, म्हणून पुढे माझ्या बाळंतपणाला मी तिच्याकडेच गेलेले. आठव्या महिन्यात एका दुपारी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर म्हणाले, "बीपी फार वाढलंय. आत्ताच्या आत्ता गाडीने ठाण्याला हलवा." रस्ता शीळफाट्यावरूनच. समोरच्या बिल्डिंगमधल्यांची गाडी दारात आली आणि ताई उंबऱ्यात थिजली.

"तू नको येऊस," मी म्हटलं.

"गप्प बस," म्हणत ती माझ्याआधी मागच्या सीटवर शिरली.

वाटभर पुटपुटत होती, "आधी चासी. मग अ‍ॅक्सल. मग चाकं..." किट जोडायचा क्रम. फाट्यावर समोरून ट्रक आला आणि तिचा आवाजच बंद झाला. मी घाबरून पाहिलं. डोळे सताड उघडे, ओठ पांढरे, दोन्ही हात माझ्या पोटावर आडवे धरलेले. वाटलं, आता हिचंच काहीतरी होणार... ट्रक निघून गेला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मग दारं."

मुलगी झाली. दोघी सुखरूप. ताई पुन्हा कधीच मोटारीत बसली नाही. तिची भीती गेली नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून थोडी माझ्यातही आली.

परवा तिचं कपाट आवरलं. बावीस गाड्या. सगळ्यांच्या सीटा काढून साबणाच्या डबीत वेगळ्या ठेवलेल्या. फक्त एका पांढऱ्या मायनरला मागची सीट बसवलेली, पुढच्या जागा रिकाम्याच. उलटी करून पाहिली, तर तळाला पेन्सिलीने तारीख होती... माझ्या लेकीच्या बारशाची.