मेबल: कामाची की हौसेची?

विषय: मेबल नावाच्या, शायर जातीच्या, सोळा वर्षे वयाच्या घोडीस 'शेतकामाचे जनावर' म्हणून मान्यता मिळणेबाबत.

संदर्भ: आमचा मूळ अर्ज, त्यावरील आपले प्रश्न, आमची उत्तरे, आणि त्या उत्तरांवरील आपले प्रश्न.

फाइल जाड होत गेली की तिच्यात कागदांपेक्षा किस्सेच जास्त साठतात, हे मी इथे विलायतेत कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, प्लॅनिंग ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी करून शिकलो. फरक इतकाच, की तेव्हा मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो!

रिटायर झालो तेव्हा बायको म्हणाली, "आठवड्यातून दोन दिवस तरी घराबाहेर पडा, नाहीतर मी पडते." म्हणून मी स्टॅनमोरजवळच्या एका तबेल्यात व्हॉलंटियर झालो. तबेला मॉरीनचा. मॉरीन चौऱ्याहत्तर वर्षांची आणि तिची घोडी एकच, मेबल. शिंगरू असल्यापासून तिनेच वाढवलेली. चरायचं कुरण मात्र कौन्सिलचं.

यंदा कौन्सिलचं पत्र आलं. घोडी शेतकामाची असेल तर लीज पुढे चालू. हौसेची असेल तर कुरण रिकामं करा. कुरण गेलं तर मेबलला पार उत्तरेत, कोणाच्या तरी फार्मवर पाठवावं लागणार. मॉरीनचं ड्रायव्हिंग डॉक्टरांनी बंद केलंय, म्हणजे भेटीगाठीही संपल्या.

"मिस्टर जोशी, तुम्हाला फॉर्म भरता येतो ना?" मॉरीनने विचारलं.

फॉर्म पाहिला. तो मीच तयार केलेला होता! 'जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडू नये' ही ओळसुद्धा माझीच.

*

लोकांची पत्रं पाठिंब्याला असावीत म्हणून मी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या बुलेटिनमध्ये चार ओळी द्यायच्या ठरवल्या. बुलेटिन माझा मित्र दामले काढतो. मी त्याला इंग्रजीत माहिती पाठवली. घोड्याची उंची इथे 'हँड्स'मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच. मेबल सतरा हँड्स. म्हणजे खांद्यापाशीच माझ्या डोक्याएवढी.

दामल्याने शुद्ध मराठीत छापलं, 'सतरा हात उंच घोडी.'

आपला हात दीड फुटाचा! रीडिंगहून एका सॉफ्टवेअरवाल्याचा फोन आला. हिशोबी मनुष्य.

"काका, साडेपंचवीस फूट होतात. एम-फोर हायवेवरच्या पुलाखालून आणली कशी?"

मी दामल्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "अरे जोश्या, पण फोन तर आला ना?"

*

शायर म्हणजे नांगर-गाडे ओढणाऱ्या अवजड घोड्यांची जात. त्यांच्या गुडघ्याखाली पांढऱ्या केसांचे दाट झुपके असतात. चारही पायांत बेलबॉटम घातल्यासारखे. दिसायला राजेशाही, सांभाळायला ताप. आत ओल राहिली की कातडी चिघळते, बारीक किडे होतात. म्हणून चिखलातून आली की भुसा चोळून पाय कोरडे करायचे आणि अधूनमधून गंधक घातलेलं तेल लावायचं. त्या तेलाला इथे 'पिग ऑइल' म्हणतात.

एका शनिवारी दामले मदतीला आला. बाटलीवरचं नाव वाचून त्याने हात मागे घेतला.

"मी शाकाहारी आहे!"

"तुला प्यायला कोण सांगतंय? आणि हल्ली हे खनिज तेल असतं. पिग फक्त नावात."

"नावात तरी कशाला हवा?"

"तुझी मुलगी वेस्ट 'हॅम'ला राहते, ते कसं चालतं?"

दामल्याने मेबलचे चारही पाय तेलाने चोळून दिले.

*

वजन नऊशे किलो आणि स्वभाव एखाद्या सज्जन हेडमास्तरासारखा, ही शायरची खासियत. पण सज्जनालाही कुठेतरी उभं राहावं लागतंच. मेबल एकदा माझ्या बुटावर उभी राहिली. बूट लोखंडी टोकाचा होता म्हणून आज बोटं मोजून दहा भरतात.

मी दोन्ही हातांनी तिला ढकलत होतो. तिला वाटलं, मी टेकलोय. तीही प्रेमाने माझ्यावर टेकली!

मॉरीन लांबूनच म्हणाली, "ढकलू नका. तिला विनंती करा आणि थांबा."

एकतीस वर्षं मी काउंटरवर लोकांना दुसरं काय सांगत होतो?

*

कौन्सिलच्या सहाव्या पत्रात विचारलं होतं, 'सदर जनावर काम करते, याचा पुरावा काय?'

मॉरीनने चहाचा मग खाली ठेवला. "तिची मान बघा म्हणावं. ओढकामाचा गळपट्टा घालून घालून त्या जागचे केस पांढरे झालेत." मग बराच वेळ मेबलची आयाळ विंचरत राहिली. विंचरायची गरज नव्हती.

मी फॉर्मवर लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी करावी.' माझा पूर्ण विश्वास होता. मेबल कामाला लागली की आंधळ्यालाही दिसेल!

*

पाहणीला कौन्सिलकडून आली ईशा. जन्म हॅरोचा, आजी नागपूरची, हातात टॅब्लेट.

"काका, प्लीज माझ्याशी मराठीत बोला. मला प्रॅक्टिस पाहिजे. आजी म्हणते माझा मराठी वाईट आहे."

"उत्तम आहे," मी म्हणालो. अर्जदाराने असंच म्हणायचं असतं.

मेबलला लोखंडी साखळ्यांची जाळी जोडली होती. ती कुरणावरून ओढली की मेलेलं गवत निघतं, माती मोकळी होते. मागे लगाम धरून मॉरीन. मेबलला हुकूम दोनच कळतात. 'वॉक ऑन' म्हटलं की चालायचं आणि 'हो' म्हटलं की थांबायचं. मी तबेल्यात एरवी इंग्रजीच बोलतो.

"वॉक ऑन!" नऊशे किलो सुरेख निघाले. आम्ही दोघं बाजूने चालू लागलो.

"काका, हा घोडी रोज काम करतो?"

"हो!" मी ठणकावून सांगितलं.

मेबल थांबली.

मॉरीनने तिला पुन्हा चालवलं.

"म्हणजे खरा शेतीचा काम? फक्त शोसाठी नाही?"

"हो, हो!"

मेबल थांबली. दोनदा ऐकल्यामुळे एक पाऊल मागेही सरली.

"ती दमला का?"

"छे! मुळीच नाही!" आणि मेबल अर्धं कुरण झकास चालली. मला हुरूप आला.

"मग ती सगळी ऑर्डर ऐकतो?"

"होय तर!"

मेबल जागच्या जागी खिळली. मॉरीन लगाम सावरत ओरडली, "मिस्टर जोशी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

ईशाने टॅब्लेटवर बरंच काही टिपून घेतलं. पंधरा दिवसांनी अहवालाची प्रत आली. त्यात लिहिलंय, 'पाहणीदरम्यान जनावर सात वेळा काम सोडून थांबले. प्रत्येक वेळी अर्जदाराच्या प्रतिनिधीने होकार दिला.'

अर्ज विचाराधीन आहे.