डबा वाजला का?

शेवटची दहा मिनिटं उरली की काकू रिमोट उचलून चित्र थांबवायच्या. "आता डोकी चालवा. उत्तर दिल्याशिवाय चहा नाही."

कॅनडातल्या रेजिनात आमच्या शेजारी राहणाऱ्या या काकू निवृत्त भूलतज्ज्ञ. शनिवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही चार-पाच जणी जमून एक जुनी ब्रिटिश गुप्तहेर मालिका बघायचो. आतून कडी लावलेल्या खोलीत खून, ताज्या बर्फावर पाऊल न उमटवता पळालेला चोर, असले अशक्य वाटणारे गुन्हे. आम्ही भुयारं, दोरखंड, जुळे भाऊ काय वाट्टेल ते सुचवायचो.

"भुयार खणायला वेळ कुणाला आहे गं?" काकू हसायच्या. "अशक्य काही नसतं. आपण न बघताच कुठेतरी मान डोलावलेली असते. ती जागा शोधायची."

तुम्हाला वाटेल, म्हातारपणीची हौस. २०१७च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत मलाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी घरून चांदीच्या अत्तरदाणी-गुलाबदाणीचा स्टीलचा डबा आणला आणि हॉलच्या मागच्या खोलीत ठेवला. खोलीला कुलूप लागलं. तासाभराने उघडलं, तर डबा रिकामा! खिडकी घट्ट बंद. बाहेर गुडघाभर बर्फ, त्यावर एकही पाऊल नाही. किल्ली एकच, हॉल सांभाळणाऱ्या मुलीकडे. नागपूरहून शिकायला आलेली, शिकता शिकता ही नोकरी करणारी पोर.

"किल्ली तुझ्याकडेच होती ना?" अध्यक्ष गरजले.

"हो काका, पण मी आत गेलेच नाही."

"मी तुझ्या मॅनेजरला कॉल करतो."

आम्ही सगळ्या मुलीकडेच संशयाने बघत होतो. मीसुद्धा.

मागच्या रांगेतून काकू उठल्या. "फोन खाली ठेवा. गाडीतून डबा तुम्हीच आणलात?"

"हो. तिळगुळाच्या पिशवीत घालून."

"वाजला का?"

"काय?"

"दोन चांदीची भांडी स्टीलच्या डब्यात. पार्किंगमधून घसरत-सावरत आलात. खुळखुळला का डबा?"

अध्यक्षांनी हातातला फोन खाली केला. "नाही... आवाज नाही आला."

"मग भांडी इथे आलीच नाहीत. आपण सगळ्यांनी नुसता डबा पाहिला. लावा घरी फोन. स्पीकरवर."

फोन त्यांच्या लेकीने उचलला. "द सिल्व्हर थिंग्ज? आजी पॉलिश्ड देम. दे आर ऑन द ड्रायर, बाबा." भांडी घरीच होती, कपडे वाळवायच्या मशीनवर.

हॉल टाळ्यांनी दणाणला. काकूंनी हात वर करून टाळ्या थांबवल्या आणि अध्यक्षांपुढे माईक धरला. "आरोप सगळ्यांसमोर केलात ना? मग माफीही सगळ्यांसमोर." माणूस अगदीच वाईट नव्हता. त्याने मुलीसमोर हात जोडून, अडखळत, पण मनापासून माफी मागितली.

अर्ध्या तासात लेक भांडी घेऊन आली. गुलाबदाणी उचलली ती त्या नागपूरच्या मुलीने आणि सरळ मागच्या रांगेत गेली. यजमान वारल्यापासून काकू हळदीकुंकवाला मागेच बसायच्या. कुणी करंडा पुढे केला की "माझं राहू दे" म्हणायच्या.

"आधी तुम्ही," मुलगी म्हणाली.

"अगं, माझं..."

"काकू, आधी तुम्हीच."

तिने गुलाबपाणी शिंपडलं, हळद लावली, ठसठशीत कुंकू लावलं. काकूंनी डोळे मिटून घेतले.

आता त्या दूर व्हिक्टोरिया शहरात लेकीकडे राहतात. शनिवारची दुपार रिकामी जाते. मला त्या आठवतात त्या दिवशी हॉलमधून निघतानाच्या. बाहेर उणे अठ्ठावीस. जाड पार्का कोट गळ्यापर्यंत बंद, पण लोकरीची टोपी हातात. कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून काकू उघड्या कपाळाने, ताठ मानेने, पार गाडीपर्यंत चालत गेल्या.