कॉलरचा माईक चालू होता

माझा अपमान थेट माझ्या कानात झाला. हेडफोन मीच घातला होता, माईकही मीच लावला होता.

अर्धापूरजवळ केळीच्या बागेत मालिकेचं शूटिंग होतं. मी साउंडवाला, नांदेडचा, रोजावर जाणारा. आमच्या निर्मात्याला सरपंचाची दोन वाक्यांची भूमिका करायची हौस आली, म्हणून त्याच्या कॉलरला मी बारका माईक अडकवला. सीन व्हायच्या आधी साहेब तो विसरले आणि मॅनेजरला घेऊन केळीत शिरले. माझं मशीन चालूच होतं.

"साउंडवाल्याचे पैसे आत्ता देऊ नकोस. मागचे अडकलेत म्हणून तर येतो हा. मिळाले की दुसरीकडे जाईल. ही माणसं साहेब साहेब करत थांबतात."

दोघं हसले.

सात महिने मी 'साहेब, तेवढं बघा' म्हणत होतो. चॅनलकडून पैसे आले नाहीत, असं तो म्हणायचा. मी मान डोलवायचो. लातूरला नर्सिंग शिकणारी माझी लेक त्याच सकाळी फोनवर म्हणाली होती, "बाबा, मेसवाल्या काकूंनी सगळ्यांसमोर ताट परत घेतलं. घरी येऊ का?" दोन दिवस थांब, म्हणालो. मला जी थाप मारली जायची तीच मी लेकीला मारत होतो. लाज वाटली. सोडून जावं तर मागचे बुडणार, राहावं तर पुढचेही अडकणार. दाव्याला बांधलेल्या जनावराला निदान दावं दिसतं तरी.

सीन संपला. आमच्या धंद्यात एक रीत आहे. जागेची नुसती शांतता अर्धं मिनिट रेकॉर्ड करायची, पुढं आवाज जोडताना ती लागते. साउंडवाला 'झालं' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, निर्मात्यानंसुद्धा.

मी हात वर केला. सगळे गप्प. अर्धं मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. मी हात खाली घेतला नाही.

शेवटी साहेबच म्हणाले, "अरे, झालं की नाही?"

"न्हाई झालं. तुमचा माईक मघापासून चालू हाय."

साहेबांचा हात कॉलरवर गेला. मी रेकॉर्डिंग मागं नेलं आणि हेडफोन लाईटवाल्या हणमंतरावांच्या कानाला लावला. त्यांचेही पाच महिने अडकलेले. त्यांनी ऐकलं. जाऊन जनरेटर बंद केला.

पैसे अजून आलेले नाहीत. ते काम गेलं. लेक घरी आली आहे, आणि तिला मी सगळं खरं सांगितलं आहे. मागचे अडकलेत म्हणून पुढं कामाला जाणं मात्र संपलं. आता दिवसाचा रोज हातात पडल्याशिवाय माझ्या तोंडून 'झालं' निघत नाही. कुणासाठीच निघणार नाही.