पुन्हा न कसलेले नट
जुन्या लष्करी जीपने लाकडं ओढावीत म्हणून मिस्त्रीभाऊंनी तिचं हेड घासून इंजिनाची ताकद वाढवली होती. हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट राखणारा पातळ पत्रा, टिकावं यासाठी पहिल्या फेरीनंतर, इंजिन थंड झाल्यावर, हेडचे नट पुन्हा कसायचे, हा त्यांचा नियम.

"नट कसले ना?" त्यांनी मला, त्यांच्या हाताखालच्या पोराला, विचारलं. कंटाळून मी कसले नव्हते, तरी "हो भाऊ" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या तापाने फणफणलेल्या बायकोला चांद्याच्या दवाखान्यात नेताना जंगलातच गॅस्केट उडालं नि जीप बंद पडली. बाईंना पुढे बैलगाडीने न्यावं लागलं. बैलगाडी निघण्यापूर्वी भाऊंनी हेडला पान्हा लावला, तर नट सैल. माझ्याकडे न बघता ते बाईंना म्हणाले, "माह्याच हातून राह्यलं."

बाई बऱ्या झाल्या. भाऊंना मी खरं कधीच सांगितलं नाही. आता प्रत्येक इंजिन थंड होईस्तोवर मी पान्हा घेऊन शेजारी बसतो.