सातवा तुकडा

आमच्या थोरल्या भाऊजींइतका गाण्याचा वेडा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. फक्त गाण्यात त्यांना गाणारा चालत नाही. मोबाइलवर त्यांनी जगभरची मंडळी शोधून काढली आहेत. कोणी करवत वाकवून वाजवतो, कोणी बाटल्या फुंकतो, कोणी टाइपरायटरवर ठेका धरतो. लाखो लोक ही गाणी ऐकतात म्हणे. त्यातले निम्मे भाऊजीच असावेत. मध्येच कोणी गळा काढला की ते आठ्या घालून म्हणतात, "हा काऊन मधात आला?" चिचगडला त्यांच्या घरी चहाचा कप आधी वाजवला जातो, मग भरला जातो. माझा स्टीलचा डबा त्यांनी बेसूर ठरवला, तेव्हापासून मी चिवडा पिशवीतून नेते. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरणाच्या बादलीवर असा ठेका धरला, की वाढपी त्या तालात दोन रांगा सोडून पुढे निघून गेला.

यंदा हिवाळ्यात त्यांना पाइप वाजवणारे सापडले. लहानमोठे प्लास्टिकचे पाइप मांडायचे आणि त्यांच्या तोंडावर चपलेनं थापटायचं. दुसऱ्याच दिवशी बोअरचं पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नेणाऱ्या लाइनीतले दोन पाइप कापून त्यांनी सात तुकडे केले. वाजायचे झकास, खोटं कशाला बोलू? पण बांधीत उन्हाळी धानाचे पऱ्हे होते आणि चार दिवसांत रोपांचे शेंडे पिवळे पडले. बाईनं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, मला बोलावून घेतलं. मी यादी करूनच पोचले: कपलिंग, चिकटवायचं सोल्युशन, चिंध्या, तुकडे सात.

"अजी, पऱ्हे मेले तर रोवणं कायचं कराल? चपलांचं?" बाई कडाडली.

"सूर लागून राहिला होता वो," भाऊजी पुटपुटले.

"पऱ्ह्याले सूर नाई, पाणी लागते!"

सहा तुकडे मिळाले. सातवा, सगळ्यात लांब आणि घुमणारा, कुठेच नव्हता. भाऊजींनी शपथा घेतल्या. कोणी विश्वास ठेवला नाही. शेवटी देवरीहून नवा पाइप आणला, मी उभं राहून लाइन जोडून घेतली आणि दुपारी पाणी बांधीत उतरलं. भाऊजी शेवटच्या जोडाला कान लावून बसले होते.

निघताना तांदळासाठी पिशवी शोधायला मी आतल्या खोलीत गेले, तर पोत्यांमागे बाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला सातवा तुकडा! मी यादी उघडली.

"लिहू नको वो," बाई हळूच म्हणाली. "इतक्या वर्षांत त्यायनं मले कधी बस म्हणलं नाई. हा वाजवाले लागले तवा म्हणत, बस, आयक."

मी यादी मिटली. भाऊजींचा निरोप घ्यायला बांधीवर पोचले, तोच घरातून एक खोल, चाचरता आवाज आला. भुम्म. थोड्या वेळानं पुन्हा, भुम्म. भाऊजी ताठ झाले. त्यांनी पायातली चप्पल काढून हातात घेतली, जरा वेळ धरली आणि परत पायात घातली.

"ताल चुकून राहिला तिचा," ते म्हणाले. "चुकू दे. तू बस. आयक."

माझी बस चुकली. त्या यादीत सातव्या तुकड्यापुढे अजून खूण नाही.