खांबाआडचा सॅक्सोफोन

नागपूरच्या विमानतळावर मला सोडायला खापरखेड्याहून टेम्पो भरून माणसं आली होती. सॅक्सोफोनची पेटी बाबांच्या हातात. दारावरच्या जवानाने विचारलं, "इसमें क्या है?" बाबा म्हणाले, "सॅक्सोफोन." जवान हसला. "तो बजाके दिखाओ." बाबांनी पेटी खाली ठेवली नाही. "शादी किसकी है?" त्यांनी उलट विचारलं. जवानाचं हसू गेलं, आईने घाबरून माझी बाही ओढली, आणि मी पेटी घेऊन घाईघाईत आत शिरले. वळून सगळ्यांना हात करायचा होता, तो राहूनच गेला.

हे मी मागे राहिलेल्या माझ्या माणसांना लिहितेय, आणि माझ्यासारखी जी बाहेर पडली त्यांनाही. गोड काही लिहिणार नाही. इथली थंडी, इथली ट्राम, दुपारी थंड ब्रेड खाणारी माणसं, हे सगळं फोनवर सांगून झालंय. मला संताप आलाय आणि तो गिळून बसायची माझी तयारी नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते आणि लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. मी त्यांच्याकडेच शिकले. पोरीच्या हातात हे वाद्य बघून नाकं मुरडणाऱ्यांना बाबा सांगायचे, "फुफ्फुस पोरीलेही असते." पुढे शाळेचा बँड, मग इंटरनेटवरून शिकणं, मग बेल्जियममधल्या संगीत महाविद्यालयाची शिष्यवृत्ती. इथे सॅक्सोफोनचं वेगळंच शास्त्रीय संगीत आहे. कागदावर लिहिलेलं, संथ, दोन दोन पानं एकाच उदास सुराभोवती रेंगाळणारं. पहिलं रेकॉर्डिंग घरी पाठवलं तेव्हा बाबा म्हणाले, "चांगलं आहे वं, पण नाचाचं कधी?"

पंचवीस वर्षं बाबा वरातींपुढे चालले. वाजवतानाचा त्यांचा एकही फोटो आमच्या घरी नाही. व्हिडिओवाला ओरडायचा, "बँडवाले, साइड में," आणि सगळा बँड सूर न सोडता साइडला व्हायचा. लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्याने दुसऱ्या मुलाच्या लग्नाची सुपारी द्यायला बाबांना बोलावलं, तेव्हा पहिल्या लग्नाचा अल्बम कौतुकाने दाखवला. त्यात घोडा होता, घोड्याची झूल होती, फटाके होते. बाबांचं नुसतं कोपर होतं. त्या पानाचा फोटो त्यांनी मोबाइलवर काढून आणला. बाहीवरची झालर आईने शिवलेली होती, त्यावरून तिने ते कोपर ओळखलं.

म्हणून इथल्या एका संग्रहालयाने आमच्या चौघांच्या गटाला वर्षभराच्या कार्यक्रमांचं काम दिलं तेव्हा मी हवेतच होते. मी, लोट, यान आणि एलीन, चौघांचे चार सॅक्सोफोन. दालनात दीडशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी रंगवलेला प्राचीन काळ: रोमच्या मिरवणुका, ग्रीसची देवळं, इजिप्तच्या राण्या. संगमरवर असा, की हात लावला तर गार लागेल. संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, ही चित्रं आणि तुमचं वाद्य एकाच शतकातली, दोघांची जोडी जमवायची. प्रत्येक चित्रापुढे एक रचना, आणि सगळं इंटरनेटवर लाइव्ह. मी लगेच घरी कळवलं की रविवारी संध्याकाळी मी टीव्हीवर दिसणार. शेजारच्या रंजनावहिनीने टीव्हीला मोबाइल जोडायची तयारी केली, आईने आलूबोंड्यांचे बटाटे आणले, बाबांनी अख्ख्या गल्लीला बोलावलं.

आणि रिहर्सलला कळलं की कॅमेरा फक्त चित्रांवर राहणार. आम्ही चौघं खांबाआड, कुंड्यांच्या मागे. मी बाईंकडे गेले. सांगितलं, माझे वडील बघताहेत, इथे आल्यापासून मला वाजवताना त्यांनी कधी पाहिलं नाही. त्या अगदी गोड बोलल्या. "संगीत ऐकण्यासाठी असतं, लोक बघायला चित्रं येतात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच हजार मैल ओलांडून, चार वर्षं ओठ फुटेस्तोवर रियाज करून, मला ऐकायचं काय होतं, तर "बँडवाले, साइड में." फक्त इथे त्याच्याआधी "कृपया" असतं.

परत येताना ते मिरवणुकीचं मोठं चित्र नीट पाहिलं. मधोमध रथ, रथात सेनापती, पुढे फुलं उधळणाऱ्या मुली. डाव्या कडेला दोन वाजवणारे. तोंडात एकाच वेळी दोन दोन पावे, फुगलेले गाल सावरायला चामड्याचा पट्टा बांधलेला. त्यातल्या एकाचा अर्धा चेहरा चौकटीने कापलाय. इतक्या कष्टाने त्याचा पट्टा रंगवणाऱ्याला त्याचा चेहरा पुरा करायला वीतभर कापड जड झालं होतं. माझा निर्णय तिथेच झाला.

रविवारी तिसरी रचना त्याच चित्राची होती. मधला मोठा तुकडा माझा, बाकी तिघांची मागून साथ. तो सुरू झाला तशी मी वाजवत वाजवत खांबाआडून निघाले आणि चित्रासमोर जाऊन उभी राहिले, बरोबर त्या अर्ध्या चेहऱ्याखाली. कॅमेरावाला हातवारे करत होता. मी डोळे मिटले नाहीत, सरळ कॅमेऱ्यात बघत वाजवलं. टाळ्या वाजल्या. नंतर बाई म्हणाल्या की हे वागणं व्यावसायिक नव्हतं. मी माफी मागितली नाही.

बाहेर येऊन फोन लावला. आई रडत होती, मागे गल्ली टाळ्या पिटत होती. मग बाबा आले.

"दिसली तू. चांगली वाजवली. पण बाकीचे तिघं कुठं होते?"

"खांबाआड."

"मंग तू काहून एकटीच समोर गेली?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक होतेय. म्हटलं, "बाबा, तुमच्यासाठी गेले."

"मले समजते ते. पण मी इतके वर्ष साइडले झालो तं सगळ्यायसोबत झालो. तू समोर गेली अन् ते तिघं अजून मागं पडले. तुह्या पाठीमागं त्यायचं वाजवणं कोणी पाह्यलं?"

मी फोन कापला. दोन दिवस मी बाईंपेक्षा जास्त बाबांवर चिडलेली होते. ज्या माणसासाठी मी हातातल्या कामावर पाणी सोडायला निघाले होते, तोच माझी चूक काढत होता. तिसऱ्या दिवशी रिहर्सलला लोट माझ्याशी बोलेना. शेवटी मीच विचारलं. ती म्हणाली, "माझी आई पण बघत होती."

मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिघांपैकी कोणालाच नाही. माझा राग खरा होता, आजही खरा आहे, पण तो मी एकटीने वापरला. आता आम्ही चौघांनी मिळून पत्र दिलंय: पुढच्या कार्यक्रमात चौघं चित्रासमोर, नाहीतर कोणीच वाजवणार नाही. उत्तर आलेलं नाही. बहुधा नकारच येईल, आणि मला दुसरं काम शोधावं लागेल.

इथे लोक विचारतात, तुझं घर कुठे? मी नागपूर सांगायचे, कारण खापरखेडा कोणाला समजणार. आता विचारलं तर म्हणेन, जिथे शाबासकीच्या मागोमाग जाब विचारतात तिथे. परवा बाबांचाच फोन आला. पत्राचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. "त्या तिघायची नावं काय आहेत वं?" म्हणाले. मी सांगितली. त्यांनी आईला वही आणायला लावली, आणि मला म्हणाले, आता हळू सांग.